सहा जणांचं टेबल आणि एकच पुस्तक

रविवारी दुपारी आमच्याकडे सहा जण जमतात. जेवणाच्या टेबलावर कागद पसरतात, पेन्सिली येतात, वीस बाजूंचे फासे येतात, मधोमध भडंगाचा डबा. चार-पाच तास खेळ चालतो. या सहा जणांत नियमांचं छापील पुस्तक एकच आहे आणि ते माझं आहे. बाकीच्या पाच जणांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बनवणाऱ्या कंपनीला आजवर एक रुपयाही दिलेला नाही. त्यांच्या खेळात त्यामुळे काहीही कमी पडलेलं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांसमोर जवळजवळ हेच टेबल मांडलं. त्या तेव्हा विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीच्या अध्यक्ष होत्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', थोडक्यात डी अँड डी, हीच कंपनी छापते आणि तिची मालकी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीकडे आहे. विल्यम्स यांच्या म्हणण्याचा आशय असा होता: खेळ आज कधी नव्हे इतका लोकप्रिय आहे, पण त्यातून मिळायला हवा तेवढा पैसा मिळत नाही. खेळणाऱ्यांत साधारण २० टक्के लोक डंजन मास्टर, म्हणजे डाव चालवणारे, असतात, आणि पैसे खर्च करणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच असतो. उरलेल्यांकडूनही उत्पन्न यायला हवं.

धंद्याच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. तरी महिन्याभरातच असं भांडण पेटलं की कंपनीला माघार घ्यावी लागली. ते का पेटलं हे कळायला या छंदाचं पैशाशी असलेलं नातं समजून घ्यावं लागतं. ते नातं ५० वर्षांचं आहे आणि सुरुवातीपासूनच अवघडलेलं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. कोकणातला दशावतार पाहिला असेल तर अर्धी कल्पना आलेलीच आहे. तिथे आख्यान ठरलेलं असतं, पण लिहून दिलेले संवाद नसतात. संकासुर काय बोलेल आणि समोरचा काय उत्तर देईल, ते रंगमंचावर त्या क्षणी ठरतं. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्येही, म्हणजे या प्रकारच्या खेळांतही, असंच असतं, फक्त प्रेक्षक नसतात. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण डंजन मास्टर होतो, थोडक्यात डीएम: तो जग उभं करतो, बाकीची सगळी पात्रं वठवतो. 'मी भिंतीवरून उडी मारते' असं कुणी म्हणालं आणि उडी जमेल की नाही याची शंका असेल, तर फासा टाकायचा. किती पडलं म्हणजे जमलं, एवढं सांगण्यासाठी नियम. गोष्ट टेबलाभोवती बसलेल्यांनीच रचायची.

आता दुकानदाराच्या जागी बसून पाहा. माल एकदा विकला की संपत नाही. साबण संपतो, वही भरते. नियमांचं पुस्तक मात्र २० वर्षं टिकतं. सहा जणांत एक पुरतं. खेळाचा मुख्य भाग, म्हणजे कल्पना, गिऱ्हाईक घरूनच घेऊन येतं. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही की नियमांवर मालकी सांगणं कायद्यानेही सोपं नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात खेळाची पद्धत संरक्षित नसते, ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द असतात. पुरणपोळीची कृती कुणाच्याही मालकीची नसते, पण पाककृतीच्या पुस्तकातली पानं जशीच्या तशी छापता येत नाहीत, तसंच हे.

अशा मालावर मोठी कंपनी चालवायची तर वाटा थोड्याच आहेत. जास्तीची पुस्तकं काढत राहायचं. काही वर्षांनी नियमच बदलून नवी आवृत्ती आणायची, म्हणजे जुनं पुस्तक कालबाह्य वाटेल. नाहीतर पुस्तकाऐवजी दरमहा वर्गणी घ्यायची. डी अँड डीच्या मालकांनी हे तिन्ही करून पाहिलं आहे, आणि दर वेळी खेळणाऱ्यांच्या समाजाचा आकार त्याने बदलला आहे.

सुरुवात फार छोटी होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स यांनी आणि शेजारच्या मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी मिळून १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. लाकडाच्या रंगाची पुठ्ठ्याची पेटी, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. पहिल्या १,००० पेट्या हातांनी भरल्या होत्या. त्या नियमांत भोकं भरपूर होती, आणि ती तशीच ठेवून लेखक वाचकाला सांगत होते की पुढचं तुमचं तुम्ही रचा, तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करू.

लोकांनी ते मनावर घेतलं. प्रत्येक शहरात वेगळा खेळ तयार झाला. १९७५ मध्ये ली गोल्ड यांनी कॅलिफोर्नियात एक अंक सुरू केला. सभासदांनी आपापली पानं पाठवायची, ती एकत्र बांधून सगळ्यांना टपालाने जायची. त्या पानांत खेळाडू एकमेकांचे नियम वाचत, दुरुस्त करत, त्यावर तावातावाने वाद घालत. त्याच वर्षी केन सेंट आंद्रे यांनी 'टनल्स अँड ट्रोल्स' हा सोपा, स्वस्त पर्याय काढला, कारण मूळ पुस्तिका त्यांना किचकट वाटल्या होत्या. छंद जन्मल्यापासून वर्ष-दीड वर्षातच ग्राहक हाच निर्माता झाला होता. मला या काळाचं फार अप्रूप वाटतं.

मग खप वाढला. खप वाढला तसा गायगॅक्स यांचा सूरही बदलला. १९७७ ते १९७९ या काळात 'अॅडव्हान्स्ड डी अँड डी'ची जाडजूड पुस्तकं आली आणि त्यांत आग्रह असा की नियम सगळीकडे सारखे हवेत, नाहीतर एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावच्या टेबलावर बसू शकणार नाही. या आग्रहात तथ्य होतं. स्पर्धा भरवायच्या तर समान नियम लागतातच. पण त्याच नियमांनी आता 'अधिकृत' हा शब्दही छंदात आणला. त्या नव्या पुस्तकांवर आर्नेसन यांचं लेखक म्हणून नाव नव्हतं आणि मानधनही नव्हतं. त्यांनी १९७९ मध्ये गायगॅक्स यांच्या टीएसआर या कंपनीवर दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. दोन मित्रांनी मिळून रचलेल्या खेळाचा पहिला मोठा वाद हा 'हा खेळ नक्की कुणाचा' असाच होता.

१९८० च्या दशकात अमेरिकेत काही धार्मिक गटांनी हा खेळ सैतानी असल्याची ओरड केली. गंमत म्हणजे त्या गदारोळाने खेळाचं नाव घरोघरी पोचलं. पण परिणाम टेबलापर्यंत आला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून राक्षस आणि सैतान हे शब्दच गाळले गेले आणि पुढे तेच जीव नव्या बनावट नावांनी परत आले. दुकानाच्या फळीवर टिकण्यासाठी केलेला बदल मुलांच्या गोष्टींतल्या पात्रांची नावं बदलून गेला. दरम्यान १९८५ मध्ये गायगॅक्स यांच्याच हातून टीएसआर ही त्यांची कंपनी गेली होती आणि सूत्रं लोरेन विल्यम्स यांच्याकडे आली होती.

टीएसआर बुडाली कशी, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्या धड्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

जास्तीची पुस्तकं काढायची, हा मार्ग टीएसआरने धरला. नुसते नियम विकून किती विकणार, म्हणून जगं विकायची. 'फर्गॉटन रेल्म्स' हे राजे-जादूगारांचं जग, 'रेव्हनलॉफ्ट' हे भयकथेचं, 'डार्क सन' हे करपलेल्या वाळवंटाचं, 'स्पेलजॅमर'मध्ये जहाजं आकाशातून जातात, 'प्लेनस्केप'मध्ये मृत्यूनंतरच्या जगांच्या मधोमध शहर वसलेलं. कल्पना म्हणून यातली काही अप्रतिम आहेत. 'प्लेनस्केप' मी आजही उघडून चाळते. पण डार्क सन खेळणारा रेव्हनलॉफ्टची पुस्तकं घेत नाही. पूर्वी एक पुस्तक काढलं की सगळे घेत. आता दहा पुस्तकं काढायची, लेखक-चित्रकारांचा खर्च दहापट, आणि प्रत्येकाचा गिऱ्हाईक दहावा हिस्सा. पुस्तकांच्या दुकानांत माल रँडम हाऊस ही मोठी प्रकाशनसंस्था पोचवत असे. माल तिच्याकडे गेला की टीएसआरला पैसे मिळत, आणि न खपलेला माल परत येऊ शकत असे. त्यामुळे आज पैसा हवा असेल तर आज आणखी पुस्तकं छापून पाठवा, असं चक्र लागलं. १९९६ च्या सुमारास परतीचे गठ्ठे आले आणि कंपनी कर्जात रुतली.

याच काळात टीएसआरने इंटरनेटवरच्या चाहत्यांशीही भांडण काढलं. लोक स्वतः रचलेले राक्षस, स्वतःच्या कथा विनामूल्य एकमेकांना देत होते. १९९४ मध्ये कंपनीने त्यावर अटी घालायला सुरुवात केली. चाहत्यांनी कंपनीच्या नावातल्या मधल्या अक्षराच्या जागी डॉलरची खूण घालून ते लिहायला सुरुवात केली. वाचक विचारेल, यात कंपनीचा काय तोटा होत होता? माझ्या मते तोटा काहीच नव्हता. ती माणसं कंपनीचा प्रचार पदरमोड करून करत होती.

१९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्सने विकत घेतली. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळावर १९९३ पासून विझार्ड्सकडे अफाट पैसा आला होता. १९९९ मध्ये विझार्ड्सलाच हॅस्ब्रोने घेतलं.

इथे रायन डॅन्सी हे नाव येतं. विझार्ड्समध्ये डी अँड डीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांचा विचार समजावायला मेंढीकोट घ्या. गावी लग्नाला गेलात, रात्री चौघे बसले, पत्ते वाटले. नियम कुणी कुणाला समजावत नाही. मेंढीकोट येणारी माणसं जितकी जास्त, तितका मेंढीकोट येण्याचा उपयोग जास्त. डॅन्सी म्हणत होते की डी अँड डीची खरी किंमत याच गोष्टीत आहे. लोक हा खेळ घेतात, कारण त्याला जोडीदार सापडतात. मग इतर प्रकाशकांनी आपापले वेगळे नियम काढण्याऐवजी आपलेच नियम वापरून पुस्तकं काढली तर? जोडीदारांचं जाळं वाढेल, आणि मूळ नियमपुस्तक आपलंच खपेल. शिवाय आणखी एक भीती होती, जी टीएसआरच्या अनुभवातून आली होती: उद्या हीही कंपनी बुडाली तर खेळ तिच्याबरोबर बुडू नये.

म्हणून २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर 'ओपन गेम लायसन्स' आलं, ओजीएल. गाभ्याचे नियम कुणीही वापरा, त्यावर पुस्तकं छापा, विका, आम्हाला काही देऊ नका. सोबत वेगळी एक खूणमुद्रा होती. ती मुखपृष्ठावर हवी असेल तर पात्र कसं तयार करायचं ते नियम तुमच्या पुस्तकात छापायचे नाहीत. म्हणजे त्यासाठी गिऱ्हाईक विझार्ड्सकडेच येणार. फार हुशारीने विणलेली गोष्ट होती.

पुढे जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. आधी पुस्तकांचा पूर आला. चांगली थोडी, सुमार फार. २००३ मध्ये विझार्ड्सने सुधारित आवृत्ती काढली आणि जुन्या नियमांवरचा इतरांचा माल दुकानांत पडून राहिला. बरेच छोटे प्रकाशक त्यात आटोपले. मग जुन्या खेळाडूंच्या लक्षात आलं की या परवान्यातले शब्द वापरून १९७०-८० च्या दशकांतले, कंपनीने छापणं बंद केलेले नियमही नव्याने लिहून काढता येतात. २००६ मध्ये 'ऑस्रिक' आलं, त्यामागून कितीतरी. साध्या, जुन्या धाटणीच्या खेळाची एक आख्खी चळवळ यातून उभी राहिली. तिला आज ओएसआर म्हणतात.

२००८ मध्ये विझार्ड्सने चौथी आवृत्ती काढली, आणि तिच्यासाठी ओजीएलऐवजी जाचक अटींचा नवा परवाना. पायझो या कंपनीचा धंदा डी अँड डीची मासिकं छापण्यावर होता. तो करार विझार्ड्सने आदल्याच वर्षी काढून घेतला होता. पायझोने जुनं ओजीएल हातात घेतलं, तिसऱ्या आवृत्तीचे नियम घासूनपुसून २००९ मध्ये 'पाथफाइंडर' नावाने बाजारात आणले. काही काळ अमेरिकन दुकानांच्या विक्रीच्या यादीत पाथफाइंडर डी अँड डीच्या वर होता. डॅन्सी यांना जे हवं होतं तेच घडलं: खेळ कंपनीच्या निर्णयापासून वाचला.

ही सगळी हकीकत मी एवढी लांबवली, कारण आजचे बहुतेक खेळाडू यानंतर आलेले आहेत. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. दोन वर्षं नियमांचे मसुदे लोकांकडून खेळवून घेतले होते, शिकायला ती सोपी होती. मार्च २०१५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आवाजाच्या कलाकारांचा एक गट आपला घरचा डाव इंटरनेटवर थेट दाखवू लागला: 'क्रिटिकल रोल'. घरी ते पाथफाइंडर खेळत. प्रेक्षकांसमोर खेळ झटपट सरकावा म्हणून पाचव्या आवृत्तीवर आले. या एका बदलाने पाचव्या आवृत्तीला किती खेळाडू मिळवून दिले असतील याचा हिशेब करणं कठीण आहे. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवरच्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली मुलं हाच खेळ खेळताना दिसली. २०१९ मध्ये क्रिटिकल रोलने छोट्या अॅनिमेशनपटासाठी लोकांकडे साडेसात लाख डॉलर मागितले; ८८ हजारांवर लोकांनी मिळून १ कोटी १३ लाख डॉलरहून जास्त दिले.

त्यांच्यामुळे हा छंद बदलला, आणि बहुतांशी चांगल्या दिशेने बदलला असं मला मनापासून वाटतं. पूर्वी या खेळाची चाहूल दुकानाच्या मागच्या खोलीत, कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून लागायची. त्या खोलीत मुलींना फारसं कुणी बोलावत नसे. आता कुठल्याही गावातली मुलगी फोनवर एक भाग पाहते, 'असं खेळतात होय' म्हणते आणि मैत्रिणींना गोळा करते. मी स्वतः अशीच आले.

पण पाहून शिकल्याची एक किंमत असते. मागच्या वर्षी एका मैत्रिणीची धाकटी बहीण आमच्या टेबलावर पहिल्यांदा बसली. सुरुवातीलाच तिने विचारलं, "ताई, प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढणार ना?" तिचा प्रश्न निरागस होता आणि माझ्या पोटात गोळा आला. मी शनिवारपर्यंत ऑफिसात असते. डावाची तयारी रात्री भांडी झाल्यावर. क्रिटिकल रोलचा डाव वर्षानुवर्षं चालवलेले डीएम मॅट मर्सर व्यावसायिक आवाज-अभिनेते आहेत. नवख्या खेळाडूंनी घरच्या डीएमकडून त्यांच्यासारखीच अपेक्षा करणं, याला जगभरचे खेळाडू 'मर्सर इफेक्ट' म्हणतात. स्वतः मर्सर यांनीही लोकांना तसं करू नका, आपापल्या टेबलाचा खेळ करा, असं सांगितलेलं आहे. आमच्या त्या मुलीला तिसऱ्या डावापर्यंत आवाजांची आठवणही राहिली नाही. तिचं पात्र नदीत वाहून चाललं होतं आणि तिला त्याची पडली होती.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. जाहिरातीने, मालिकांनी, चित्रपटाने खेळाडू लाखांनी येतात. डीएम तसे येत नाहीत. डीएम व्हायला वेळ लागतो, वाचन लागतं, चुका पचवणारी मित्रमंडळी लागते. डीएम कमी आणि इच्छुक फार, अशी अवस्था झाली, आणि त्या फटीत नवा व्यवसाय उगवला. आज इंटरनेटवर पैसे घेऊन डाव चालवणारे डीएम मिळतात, एका डावाला माणशी १०-२० डॉलर घेणारे. काही जुन्या खेळाडूंना हे पटत नाही. मला ते पटतं, कारण ते कष्ट मला ठाऊक आहेत. पण आमच्या टेबलावर मी पैसे घेणार नाही. तिथे भडंग कुणी आणायचा एवढाच हिशेब असतो.

आता २०२३ च्या जानेवारीकडे येऊ. विझार्ड्सने २०२२ मध्ये 'डी अँड डी बियॉन्ड' ही सेवा १४ कोटी ६३ लाख डॉलरना घेतली होती. पात्राची माहिती, नियम, फासे, सगळं तिथे फोनवर, आणि वर्गणी. पैसे मिळवण्याचा तिसरा मार्ग. त्यापाठोपाठ सिंथिया विल्यम्स यांचं ते बोलणं. आणि ५ जानेवारीला बातमी फुटली की कंपनी ओजीएल बदलते आहे. मसुद्यात होतं असं: वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री करणाऱ्यांनी त्यावरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा द्यायचा. हिस्सा नफ्यातून नव्हे, एकूण विक्रीतून; आणि छपाई, कागद, पाठवणी यांचा खर्च वजा जाता छोट्या प्रकाशकाच्या हाती एवढं उरतही नाही. शिवाय तुम्ही रचलेलं साहित्य कंपनी मोबदला न देता वापरू शकेल. आणि २००० सालापासूनचा जुना परवाना यापुढे 'अधिकृत' नाही.

खरी मेख त्या शेवटच्या वाक्यात होती. जुन्या परवान्यात तो कायमस्वरूपी असल्याचं लिहिलं होतं. मागे घेता येणार नाही, असं मात्र स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. आणि त्यातल्या एका कलमात 'कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरा' असे शब्द होते. २० वर्षं ज्या शब्दावर कुणाचं लक्ष नव्हतं, त्यावर शेकडो लोकांची पोटं अवलंबून असल्याचं एका रात्रीत कळलं.

लोकांनी काय केलं? त्यांनी वर्गणी रद्द केली. पुस्तक घेतलेला माणूस रागावला तर कंपनीला ते कळतही नाही. पैसे आधीच मिळालेले असतात. वर्गणीदार रागावला तर त्याच दिवशी आकडा खाली येतो. जास्त उत्पन्नासाठी आणलेल्या साधनानेच ग्राहकांच्या हाती दोरी दिली, आणि ती त्यांनी ओढली. १२ जानेवारीला पायझोने जाहीर केलं की कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नसेल असा नवा परवाना इतर प्रकाशकांबरोबर मिळून तयार करू. हजाराहून जास्त प्रकाशक त्यात आले. पाथफाइंडरच्या मूळ पुस्तकाचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपल्याचं पायझोने सांगितलं. विझार्ड्सने सौम्य केलेला मसुदा काढून लोकांची मतं मागवली. १५ हजारांवर उत्तरं आली, त्यातल्या ८८ टक्क्यांनी या परवान्याखाली काही छापणार नाही असं सांगितलं. २७ जानेवारीला कंपनीने जुना परवाना तसाच ठेवला, आणि एक पाऊल पुढे जाऊन पाचव्या आवृत्तीच्या गाभ्याचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचे खुले केले. हा परवाना मागे घेता येत नाही आणि तो त्यांच्या ताब्यातला नाही. २२ दिवसांत हे सगळं घडलं.

विश्वास मात्र तुटला तो तुटलाच. पायझोने त्याच वर्षी पाथफाइंडरची पुस्तकं पुन्हा लिहून काढली, ओजीएलमधून आलेलं सगळं वगळून. त्यात पात्रांची सज्जन-दुर्जन अशी नऊ खान्यांची जुनी विभागणी गेली, रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले. वकिली कारणाने गेले, पण माझ्या मते खेळ त्याने सुधारला; प्रत्येक पात्राच्या कपाळावर चांगुलपणाचा शिक्का मारण्याची गरज उरली नाही. क्रिटिकल रोलने स्वतःचा 'डॅगरहार्ट' हा खेळ २०२५ मध्ये काढला. दुसरीकडे ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओगेम तुफान चालला आणि डी अँड डीचं नाव आणखी मोठं झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये हॅस्ब्रोने सुमारे १,१०० जणांना कामावरून कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात डी अँड डीवर काम करणारेही होते. खेळ गाजतो तेव्हा तो रचणाऱ्यांच्या नोकऱ्या सुरक्षित होतात, असं मानायचं कारण नाही.

हे सगळं अपरिहार्य होतं का? जपानकडे पाहिलं की वेगळी शक्यता दिसते. तिथे १९८६ मध्ये एका मासिकात डी अँड डीच्या एका खऱ्या डावाचा संवादासकट वृत्तांत क्रमशः येऊ लागला. अशा लेखनाला ते 'रिप्ले' म्हणतात. क्रिटिकल रोलच्या जवळजवळ ३० वर्षं आधी. १९८९ मध्ये त्याच मंडळींनी 'सोर्ड वर्ल्ड' हा स्वतःचा खेळ खिशात मावेल अशा स्वस्त पुस्तकाच्या आकारात काढला. शाळकरी मुलाला परवडेल असं नियमपुस्तक, आणि सहा बाजूंचे साधे फासे. आज जपानमध्ये डी अँड डीपेक्षा 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथेचा खेळ कितीतरी जास्त खेळला जातो. जर्मनीत १९८४ पासून त्यांचा स्वतःचा 'दास श्वार्त्से आउगे' आहे आणि तिथे तो फार काळ आघाडीवर राहिला. म्हणजे एकाच खेळाच्या सावलीत सगळा छंद वाढावा, ही अमेरिकेतल्या बाजारपेठेची घडण आहे. स्वस्त पुस्तक आणि स्वतःची भाषा मिळाली तिथे वेगळीच झाडं वाढली.

आपल्याकडे डी अँड डीचं आयात पुस्तक काही हजार रुपयांना पडतं आणि ते इंग्रजीत असतं. आमच्या टेबलावरच्या दोघांना त्या इंग्रजीचा जाच होतो. खेळताना बोलतो आम्ही मराठीतच, पण जादूचा मंत्र वाचायची वेळ आली की पुस्तक माझ्याकडे सरकतं. २७ जानेवारीच्या त्या निर्णयाचा आमच्यापुरता अर्थ असा की खुल्या झालेल्या नियमांची शेकडो पानं मूळ श्रेय देऊन कुणीही मराठीत आणू शकतं, छापू शकतं, विकूही शकतं. परवानगीचं पत्र लागत नाही. विझार्ड्सने स्वतः ते फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये दिले आहेत. मराठी कुणी देणार नाही, म्हणून दिवाळीपासून आम्ही बसलो आहोत. 'सेव्हिंग थ्रो'ला, म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला, काय म्हणायचं यावर दोन रविवार गेले. एकाने 'बचावाचा फासा' सुचवलं, दुसरीला ते लांबलचक वाटलं, ती म्हणाली नुसतं 'बचाव' म्हणा: "बचाव टाक." टेबलावर म्हणून पाहिलं, जिभेवर बसलं. आता पुढचा शब्द 'इनिशिएटिव्ह' आहे.